चकाकी आणि निगा

मोटार ही वापरून झाल्यावर मोडीत काढायची वस्तू, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. जर्मनीतील कायदा याहून वेगळा विचार करतो. पहिल्या नोंदणीला ३० वर्षे झालेली, बव्हंशी मूळ स्वरूपात आणि चांगल्या स्थितीत राखलेली मोटार तज्ज्ञाने मान्य केली, की तिच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एच’ हे अक्षर लागू शकते. १९९७ पासून ही पद्धत आहे. अशी गाडी वाहनतंत्राचा सांस्कृतिक वारसा मानली जाते. इंजिन कितीही मोठे असो, तिला वर्षाला सुमारे १९२ युरो एवढा ठरावीक कर पडतो.

ऐंशीच्या दशकातील आलिशान कूपे, म्हणजे दोन दारांच्या, उतरत्या छपराच्या ऐटदार गाड्या, आता या वारशात जमा झाल्या आहेत. मर्सिडीज-बेंझची ‘एसईसी’ हे त्यांचे उत्तम उदाहरण. १९८१ च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनात ती प्रथम दिसली आणि १९९१ पर्यंत सुमारे ७४ हजार गाड्या तयार झाल्या. ब्रूनो साको यांच्या देखरेखीखाली तिचे रूप ठरले. बाजूच्या चारही काचा खाली केल्या की मध्ये खांब उरत नाही. दार लांब असल्यामुळे आसनपट्टा मागे राहतो. तो पुढे आणून देणारा विजेवर चालणारा छोटा हातही तीत आहे.

अशी गाडी घेताना ‘उत्तम निगा राखलेली’ हे विक्रेत्याचे शब्द कितपत खरे मानावेत? इतिहासाच्या विद्यार्थ्याला उत्तर अवघड नाही. ऐकीव माहितीपेक्षा अस्सल कागद श्रेष्ठ! सर्व्हिसचे शिक्के, दुरुस्तीची बिले आणि सक्तीच्या नियतकालिक तपासणीचे अहवाल तारखेनुसार लावावेत. त्यांतील किलोमीटरचे आकडे क्रमाने वाढत गेले, तरच मीटरवरील आकड्यावर विश्वास ठेवावा. कारखान्याच्या मूळ नोंदपत्रात चासी व इंजिनाचा क्रमांक, रंग आणि सोयी नमूद असतात. समोरची गाडी त्याच्याशी ताडून पाहावी.

कागदांनंतर पत्रा. नवा रंग पाहून भुलू नये. रंग हा पुष्कळदा गंजावरचा पडदा असतो. मागच्या काचेचे खालचे कोपरे, चाकांवरील कमानी आणि जॅक लावण्याच्या जागा येथे गंज धरतो. कमानींवर लोहचुंबक फिरवावा. जेथे तो चिकटत नाही, तेथे पत्र्याऐवजी पुट्टी असण्याचा संभव असतो.

मग इंजिन. आठ सिलिंडरच्या या इंजिनात टायमिंग चेनला वळण देणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या वयाने ठिसूळ होतात. पट्टी तुटून चेन सरकली, की वॉल्व पिस्टनवर आदळतात आणि इंजिन निकामी होऊ शकते. म्हणून चेन व पट्ट्या केव्हा बदलल्या, याचे बिल मागावे. ते नसेल, तर तो खर्च किमतीतून वजा धरावा. इंजिन रात्रभर बंद असताना, अगदी थंड स्थितीत सुरू करून पाहावे. विक्रेत्याने ते आधीच गरम करून ठेवले असेल, तर संशयाला जागा आहे.

‘फार कमी चाललेली गाडी’ हेही नेहमी भूषण नसते. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत पेट्रोल शिळे होते, टाकी गंजते, रबरी नळ्या आणि सील सुकतात, ब्रेक अडकतात. नियमित चाललेली आणि वेळच्या वेळी तेल बदललेली गाडी तिच्याहून अधिक भरवशाची असते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. गाडी जुनी झाली म्हणून तिचे सुटे भाग व मजुरी स्वस्त होत नाहीत. एकेकाळच्या महागड्या गाडीची दुरुस्ती आजही महागच असते. त्यामुळे स्वस्तात मिळालेली दुर्लक्षित गाडी शेवटी सर्वांत महाग पडते. खरेदीदार वस्तुतः लोखंड विकत घेत नाही. आधीच्या मालकाने सातत्याने केलेली जपणूक विकत घेतो. ती जपणूक पुढे चालू ठेवण्याची तयारी नसेल, तर त्याने गाडी न घेणेच गाडीच्या हिताचे! पोथी असो, वाडा असो वा मोटार असो, वारसा टिकतो तो एकदा पैसे मोजून नव्हे, तर रोजच्या निगेने.