गाडीचा मोतीबिंदू

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. कोयता, भांडीकुंडी आणि लेकरंबाळं घेऊन हजारो कुटुंबं ऊसतोडीसाठी कोल्हापूर-सांगलीकडे निघतात. मग काही महिने रात्रीच्या रस्त्यावर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दिसत राहतात. दिसत राहतात म्हणायचे, पण कित्येकांच्या मागे लाल दिवा सोडाच, चमकती पट्टीही नसते. त्या दिसायच्या त्या मागून येणाऱ्या मोटारीच्या उजेडात. आणि त्या मोटारीच्या डोळ्यांतच मोतीबिंदू असेल तर?

अॅम्बेसिडर, फियाटचे गोल दिवे काचेचे होते. ते फुटत, पण पिवळे पडत नसत. आता दिव्यांवर असते ते पॉलिकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक. हलके, दगड लागला तरी सहसा न फुटणारे. मात्र उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत, म्हणून कारखान्यातच त्यावर संरक्षक लेप देतात. आमच्याकडचे ऊन आणि धुरळा यांनी काही वर्षांत तो लेप झिजतो आणि दिवा दुधाळ होतो. अमेरिकेतील ‘ट्रिपल ए’ या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ साली चाचणी घेतली, तेव्हा अशा दिव्यांतून नव्याच्या जेमतेम एक पंचमांश प्रकाश पडत होता. घासून साफ केल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत परत आला.

माझ्या मेव्हण्याची गाडी बारा वर्षांची. “दाजी, नवेच दिवे बसवू की,” तो म्हणाला. मी त्याला आधी हार्डवेअरच्या दुकानात पिटाळले.

गाडी सावलीत लावली. दिवे साबणाने धुतले आणि कडेच्या रंगाला ओरखडा नको म्हणून भोवती कागदी चिकटपट्टी लावली. मग १००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून हलक्या हाताने घासला. पाणी सतत हवे, कोरडे घासले की रेघा उमटतात. दुधाळ पाणी ओघळू लागले, म्हणजे जुना लेप निघू लागला. मग २००० आणि शेवटी ३००० नंबर. आकडा वाढेल तसा कागद मऊ. दिवा एकसारखा धूसर दिसला, तेव्हा पॉलिशिंग कंपाउंड लावून मऊ फडक्याने चोळला आणि तो लख्ख झाला. मेव्हणा कौतुकाने बघतच राहिला.

काम मात्र इथे संपत नाही. अतिनील किरण अडवणारा नवा लेप दिला नाही, तर दिवा काही महिन्यांत पुन्हा पिवळा पडतो. टूथपेस्टने चोळणाऱ्यांची चार दिवसांची हौस फिटते, ती यामुळेच. आणि दिव्याच्या आत पाणी साचले असेल किंवा तडा गेला असेल, तर बाहेरून कितीही घासा, उपयोग नाही. तिथे नवा दिवाच हवा.

एवढा खटाटोप केवळ गाडी देखणी दिसावी म्हणून नाही. मांजरसुंब्याच्या घाटात किंवा धारूरच्या अरुंद वळणावर पुढे चाललेल्या ट्रॉलीत, उसाच्या पाचटावर एखादे लेकरू झोपलेले असते. त्याच्याजवळ स्वतःचा दिवा नसतो.

खंडेनवमीला आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. यंदा हार घालण्याआधी अर्धा दिवस काढून दिवेही घासून घ्या.