विश्लेषण : सिकलसेलवरील उपचाराची किल्ली रक्तपेशींच्या ‘स्विच’मध्ये कशी सापडली?

सिकलसेल आजारावर जनुक संपादनाने करायच्या पहिल्या उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मंजुरी मिळाली. त्याचा पाया बोस्टनमधील शास्त्रज्ञ डॉ. स्टुअर्ट ऑर्किन यांच्या कित्येक दशकांच्या संशोधनात आहे. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे हे संशोधन आणि त्याची किंमत, दोन्ही समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

लाल रक्तपेशी कशा तयार होतात?

आपली अस्थिमज्जा दर सेकंदाला सुमारे २० लाख लाल रक्तपेशी तयार करते. मूळपेशीपासून सुरुवात होते, पेशीत हिमोग्लोबिन भरले जाते आणि शेवटी ती आपले केंद्रक बाहेर टाकते. अशी पेशी साधारण १२० दिवस जगते. या प्रक्रियेवर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘गाटा-१’ या घटकाचे जनुक ऑर्किन यांच्या गटाने १९८९ मध्ये वेगळे केले. तो नसेल तर लाल पेशी परिपक्व होण्याआधीच मरतात, हे पुढे उंदरांवरील प्रयोगांतून दिसले.

सिकलसेलमध्ये नेमके काय बिघडते?

हिमोग्लोबिनच्या जनुकातील केवळ एक अक्षर बदललेले असते. त्यामुळे प्राणवायू सोडल्यावर पेशी विळ्याच्या आकाराची होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि तीव्र वेदना होतात. अशी पेशी १० ते २० दिवसच टिकते. मात्र नवजात बाळाला हा त्रास होत नाही. कारण गर्भात वेगळे हिमोग्लोबिन असते आणि जन्मानंतर काही महिन्यांत शरीर त्याचे उत्पादन जवळपास थांबवते.

हे थांबवणारा ‘ब्रेक’ कसा सापडला?

काही प्रौढांच्या रक्तात गर्भातील हिमोग्लोबिन जास्त का असते, याचा शोध घेताना लंडनमधील डॉ. स्वी ले थेन यांच्या गटाला २००७ मध्ये ‘बीसीएल११ए’ या जनुकाचा धागा मिळाला. हे जनुकच ब्रेकचे काम करते, हे ऑर्किन आणि त्यांचे विद्यार्थी विजय शंकरन यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवले. २०११ मध्ये लाल पेशींमधील हा ब्रेक काढल्यावर सिकलसेल असलेल्या उंदरांचा आजार बरा झाला.

अडचण एकच होती. हे जनुक मेंदू आणि इतर रक्तपेशींनाही लागते. २०१३ मध्ये ऑर्किन यांच्या गटाला त्याचा असा भाग सापडला, जो केवळ लाल पेशींच्या घडणीत ब्रेक चालू ठेवतो. घराचा मेन स्विच न पाडता एका खोलीचे बटण बंद करावे, तसा हा मार्ग होता.

उपचार कसा होतो?

‘कॅसजेवी’ या उपचारात रुग्णाच्या मूळपेशी काढून ‘क्रिस्पर’ तंत्राने तेवढाच भाग निकामी करतात. केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करून त्या पेशी परत सोडतात. अमेरिकेतील मंजुरीच्या वेळी पुरेसा काळ पाहिलेल्या ३१ पैकी २९ रुग्णांना सलग किमान १२ महिने वेदनेचा तीव्र झटका आला नव्हता. या कामासाठी ऑर्किन आणि थेन यांना २०२४ चा शॉ पुरस्कार मिळाला.

महाराष्ट्रातील रुग्णांना काय फायदा?

सध्या थेट फायदा नाही. अमेरिकेत या उपचाराची जाहीर किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये होती. शिवाय अस्थिमज्जा प्रत्यारोपण करणारे रुग्णालय आणि अनेक आठवड्यांचा मुक्काम लागतो. ज्या कुटुंबाला तालुक्याच्या ठिकाणी जाण्यासाठीही मजुरी बुडवावी लागते, त्याच्यासाठी हे अंतर मोठे आहे.

केंद्राने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून तपासणी आवश्यक ठरते. हायड्रॉक्सियुरिया या तुलनेने स्वस्त गोळीनेही गर्भातील हिमोग्लोबिन काही प्रमाणात वाढते. ब्रेक कुठे आहे, हे आता कळले आहे. तो गोळीने सोडवता येईल का, हा संशोधनाचा पुढचा टप्पा आहे आणि दुर्गम पाड्यांवरील रुग्णांसाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.