हलगी की पॅड? कलापथकांपुढील एक प्रश्न

आपल्या गायनपार्ट्या आणि कलापथके यांच्यापुढे गेली काही वर्षे एक प्रश्न उभा आहे. ढोलकी-हलगी ठेवावी की ती बाजूला सारून इलेक्ट्रॉनिक पॅड घ्यावे? पाटोद्यासारख्या तालुक्याच्या गावातही तरुण मुले मला हे विचारतात. काही कार्यकर्ते हा प्रश्न हसण्यावारी नेतात. वाद्याची खरेदी ही काही विचारांची बाब नव्हे असे त्यांना वाटते. मला तसे वाटत नाही. ज्या समाजावर वाजविण्याचे काम जन्माने लादले गेले, त्या समाजात वाद्य बदलण्याला वेगळा अर्थ येतो.

आधी पॅड म्हणजे काय ते पाहू. जपानच्या रोलंड कंपनीने १९८५ साली ‘ऑक्टापॅड’ नावाचे आठ रबरी चौकोनांचे यंत्र बाजारात आणले. त्या पहिल्या यंत्राला स्वतःचा आवाजच नव्हता. ते दुसऱ्या यंत्राला फक्त इशारा देई. पुढच्या यंत्रांत आवाजही आतच भरले गेले. आपल्याकडे आता कोणत्याही कंपनीच्या पॅडला ऑक्टोपॅडच म्हणतात. हे काठ्यांनी वाजते. हाताने, बोटांनी वाजविण्याचे ‘हँडसोनिक’ त्याच कंपनीने नंतर काढले. दोन्हींचे तत्त्व एकच आहे. रबराखालचा सेन्सर आघात ओळखतो, त्याचा जोर मोजतो आणि आधी मुद्रित करून ठेवलेला आवाज त्या मानाने लहान-मोठा करून बाहेर सोडतो. कधी तरी, कुठे तरी, कोणी तरी वाजविलेले पॅड आपल्याला परत ऐकविते.

हलगीचे तसे नाही. लाकडी किंवा लोखंडी कड्यावर शेळीचे कातडे ताणलेले, एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. मधोमध आघात केला तर आवाज घुमतो, काठाशी केला तर कडाडतो, कातड्यावर बोट टेकले तर दबतो. या तीन जागांच्या मध्ये आणखी किती जागा आहेत हे मुरलेल्या वादकालाच ठाऊक. ढोलकीच्या डाव्या अंगावर मनगट सरकवून जो घिस्सा घेतात, तो साध्या ऑक्टोपॅडवर हाताला सापडत नाही. बोटांच्या महाग पॅडवर दाब देऊन त्याची थोडी नक्कल होते, इतकेच.

पण म्हणून पॅड टाकाऊ ठरत नाही. आपल्या जयंत्यांचा हंगाम पाहा. १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे यांची जयंती येते ती भर पावसाळ्यात. दमट हवेत कातडे ढिले पडते. मग दर दोन-तीन गाण्यांनंतर पाचट, कागद, काटक्या पेटवून हलगी शेकावी लागते. मिरवणुकीत हे चालून जाते. सभागृहात विस्तव कुठे पेटविणार? १४ एप्रिलला याच्या उलट. बालाघाटावरच्या त्या कोरड्या उन्हात कातडे इतके ताणले जाते की ढोलकीचा स्वर गायकाच्या पट्टीच्या वर जाऊन बसतो. पॅडला ना ऊन बाधते ना ओल. त्यात संबळही असतो, ढोलकही, ताशाही. चार वादकांचे काम एकजण करतो आणि जीपमधली तीन माणसांची जागा वाचते. हा लाभ लहान नाही. मधला मार्गही आहे. पुष्कळ हलग्यांवर आता कातड्याऐवजी फायबरचे पान असते. ते शेकावे लागत नाही. त्याचा आवाज मात्र टणक, थोडा कोरडा निघतो, आणि माझ्या कानाला तो अजून रुचलेला नाही.

पॅडची खरी अडचण विजेची आहे. एकट्या पॅडने भागत नाही. मिक्सर, अॅम्प्लिफायर, स्पीकर हा सगळा संसार त्याच्यामागे येतो. आमच्या तालुक्यातील किती तरी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. ६ डिसेंबर त्यांचा फडावरच उजाडतो. कोप्यांपुढच्या मोकळ्या जागेत अभिवादनाची चार गाणी म्हणायची तर तिथे पॅड कोण नेणार? हलगी खांद्याला अडकवली की निघता येते. शिवाय चांगल्या पॅडला पन्नास हजारांच्या पुढे मोजावे लागतात, आणि असा आकडा आमच्याकडे मुकादमाच्या उचलीच्या भाषेतच समजतो. पॅड बिघडले तर मोठे शहर गाठायचे. हलगीचे पान फाटले तर ते चढविणारा माणूस अजून आसपासच्या गावात भेटतो.

इथवर हा हिशेब सोपा आहे. अवघड भाग पुढे आहे.

माझे आजोबा गावकीची हलगी वाजवीत. दवंडी, वरात, मयत, जत्रा, पोळा. गावाने हाक मारली की जायचे, आणि ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती. मोबदला म्हणजे बलुते आणि उरलेले अन्न. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हीन ठरविलेली गावकीची कामे सोडा असे सांगितले, तेव्हा ज्यांनी हलगी भिंतीवरून काढून फेकून दिली त्यांचा संताप मला समजतो. आज मातंग वस्तीतला एखादा मुलगा म्हणतो, ‘सर, मी पॅडच वाजवीन, हलगी नाही’, तेव्हा त्याला परंपरेचे धडे देणारे विद्वान मला मुळीच मानवत नाहीत. परंपरा जपण्याचे ओझे नेहमी त्याच्याच खांद्यावर का?

मात्र याच कातड्याने दुसरे कामही केले आहे. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांनी, अण्णाभाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी १९४४ साली उभ्या केलेल्या लाल बावटा कलापथकाने लोकवाद्यांच्या साथीनेच माणसे जागी केली. तमिळनाडूत पराई या वाद्याची कथा आपल्या हलगीसारखीच आहे. मयतीला पराई वाजविण्यास तिथल्या दलितांनी नकार दिला. आणि पुढे तेच वाद्य दलित तरुणांनी, मुलींनीसुद्धा, व्यासपीठावर मानाने आणले. दिंडीगुलचा ‘शक्ती’ हा मुलींचा संच त्यासाठीच ओळखला जातो. आधी नकार आणि मग स्वीकार, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. गायक टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली मृदंग बनविणाऱ्या कारागिरांवर पुस्तक लिहिले. त्या कारागिरांत बहुसंख्य दलित ख्रिस्ती. कातडे कमावून, ताणून, स्वरात आणून देणारे तेच, आणि मैफलीत नाव मात्र वाजविणाऱ्याचे. आपल्याकडे तर वाजविणाऱ्याचेही नाव नसते. पत्रिकेवर गायक छापला जातो, पॅडवाला ‘रिदम’ म्हणून छापला जातो, हलगीवाला छापलाच जात नाही. पॅडवाला मंचावर खुर्चीत बसतो. हलगीवाला खाली, मिरवणुकीच्या पुढे, चालत. मुलगा पॅड मागतो तेव्हा तो पुष्कळदा ती खुर्ची मागत असतो.

आणि पॅडमध्ये हलगीचा आवाज भरलेला असतोच. तो मुद्रित करताना टिपरू कोणाच्या हातात होते, त्याला काय मिळाले, हे यंत्र सांगत नाही. मंचावर त्या आवाजाला टाळ्या पडतात आणि खऱ्या हलगीवाल्याची सुपारी मात्र जाते.

म्हणून विचारायला येणाऱ्या मुलांना मी असे सांगतो. सभागृहात, मोठ्या मंचावर, पावसाळ्यात पॅड जरूर घ्या, पण ढोलकी शेजारी ठेवा. गायकाच्या श्वासाबरोबर लय मागे-पुढे करायला ती लागते. पथनाट्याला, मोर्चाला, फडावर हलगी न्या. हलगी शिकायला कोणत्याही जातीचा मुलगा येवो, मुलगी येवो, त्यांना शिकवा. एकाच वस्तीच्या अंगावर ते काम राहू देऊ नका. हलगीवाल्याला मंचावर खुर्ची आणि माइक द्या, पत्रिकेवर त्याचे नाव छापा. सुपारी ठरविताना त्याचा आकडा पॅडवाल्याइतकाच लिहून घ्या. आणि कार्यक्रम बाहेरगावी असेल तर जेवणाची पंगत सगळ्यांची एकच आहे ना, हे बयाणा घेण्याआधी विचारा.