नवख्याची उमेदवारी

रायपूर शहर मागे टाकून बिलासपूरच्या राजरस्त्याने उत्तरेकडे निघालेल्या प्रवाशाला चारपाच कोसांच्या आतच सिलतऱ्याची धुराडी दिसू लागतात. हे एके काळचे भातशेतीचे खेडे स्पंज आयर्न, पोलाद आणि वीज यांच्या कारखान्यांनी आता असे काही वेढून टाकले आहे की, पावसाळा सोडला तर येथील झाडांच्या पानांचा मूळ रंग कोणता, याविषयी परस्थाला शंका यावी. छत्तीसगढच्या खेड्यांतून, ओडिशा-बिहारकडून, आणि नागपूरच्या जायसवाल निको समूहाचा पोलादाचा कारखाना याच औद्योगिक क्षेत्रात असल्यामुळे थोडीबहुत विदर्भाकडूनही, अशी नाना मुलखांची माणसे येथे पोटासाठी एकत्र आली आहेत. पाळी सुटली म्हणजे ती चहाच्या टपरीपुढच्या बाकावर टेकतात, आणि टेकल्याबरोबर प्रत्येकाचा मोबाइल खिशातून बाहेर येतो. दुसऱ्यांचे व्हिडिओ पाहता पाहता एखाद्या तरुणाच्या मनात ‘आपणही एक चॅनेल काढावे’ असा विचार आला, तर त्यात नवल काहीच नाही. नवल वाटते ते याचे की, पुढे काय करावयाचे हे सांगणारे जे शेकडो उपदेशक त्याला त्याच मोबाइलवर भेटतात, त्यांपैकी बहुतेकांनी उपदेश करणे हाच आपला धंदा केलेला असतो.

अशा उपदेशकांच्या नादी लागण्यापेक्षा त्या तरुणाने एखाद्या सुटीच्या दिवशी आणखी थोडे उत्तरेकडे जावे. भाताच्या गिरण्यांच्या तिल्दा-नेवऱ्याजवळ, रायपूरपासून सुमारे ४५ किलोमीटरांवर, तुलसी नावाचे तीनचार हजार वस्तीचे गाव आहे. वृत्तपत्रांनी त्याला ‘यूट्यूबचे गाव’ अशी पदवी बहाल केली असून, तेथील हजारएक माणसे या ना त्या नात्याने व्हिडिओच्या कामात गुंतलेली आहेत असे २०२५ साली बीबीसीच्या वृत्तांतात प्रसिद्ध झाले. पदव्या बहाल करण्यात वृत्तपत्रांचा हात मुळातच सढळ असतो, म्हणून आकडा बाजूला ठेवून आपण प्रारंभाकडे पाहू. २०१८ साली ज्ञानेंद्र शुक्ला आणि जय वर्मा या दोन मित्रांनी ‘बीइंग छत्तीसगढिया’ नावाचे चॅनेल काढले. शुक्ला हे पूर्वी स्टेट बँकेत नेटवर्क अभियंता होते आणि वर्मा शिकवणीच्या वर्गात शिकवीत. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यापासून इंटरनेट स्वस्त झालेले होते, आणि त्याच २०१८ साली राज्य सरकारने संचार क्रांती योजनेखाली स्त्रियांना व विद्यार्थ्यांना मोफत स्मार्टफोन वाटावयास आरंभ केला होता. म्हणजे पाहणारा वर्ग गावोगाव तयार होत होता, त्याच्या बोलीत त्याला दाखविण्यासारखे मात्र फारसे काही नव्हते.

या दोघांना माध्यमाची वहिवाट ठाऊक नव्हती. दुसऱ्याची गाणी, दुसऱ्याची दृश्ये आपल्या व्हिडिओत घातली तर स्वामित्वहक्काची फिर्याद होते, आणि ९० दिवसांच्या मुदतीत अशा तीन फिर्यादी ग्राह्य ठरल्या तर चॅनेलच बंद होऊ शकते, हा कायदा येथे येणाऱ्याला कोणी दारातच वाचून दाखवीत नाही. आरंभीचे काही व्हिडिओ याच कारणाने गेल्यावर त्यांनी नियम शिकून घेतले आणि मग स्वतःचे लिहून, स्वतःचे चित्रित करून काम सुरू केले. जुन्या काळी कचेरीत नोकरी धरू इच्छिणारा मुलगा हजेरीपटावर नाव चढण्यापूर्वी काही काळ बिनपगारी उमेदवारी करी. दप्तर कसे लावतात, अर्जाची नक्कल कशी करतात, साहेबापुढे कोणता कागद आधी ठेवावयाचा, हे तो त्या अवधीत निमूटपणे पाहून घेई. समाजमाध्यमांवरील नवख्यालाही ही उमेदवारी चुकत नाही. फरक इतकाच की, तो उमेदवारी करीत आहे हे त्याला कोणी सांगत नसल्यामुळे, पहिल्या चार व्हिडिओंना चाळीस प्रेक्षकही मिळाले नाहीत म्हणजे तो स्वतःला अपयशी समजून घरी बसतो.

शुक्ला-वर्मांचा तिसरा व्हिडिओ लोकांनी उचलून धरला. प्रेमदिनाच्या निमित्ताने एका तरुण जोडप्याला संस्कृतिरक्षणाच्या नावाखाली दिला जाणारा त्रास, हा त्याचा विषय. मांडणी विनोदी, आणि शेवट मुद्दाम मोकळा सोडलेला. हा विषय त्यांना कोणत्याही ‘सध्या काय चालते’ छापाच्या यादीतून मिळालेला नव्हता. गावात जे घडते, ज्यावर गावकरी पारावर बोलतात पण उघडपणे भूमिका घेत नाहीत, ते त्यांनी छत्तीसगढीत मांडले, आणि गावाबाहेरच्या छत्तीसगढी माणसालाही ते आपलेच वाटले.

यूट्यूबचे जनक तरी या बाबतीत फार शहाणे होते असे नाही. २००५ च्या फेब्रुवारीत तीन तरुणांनी ते काढले तेव्हा वधूवर किंवा प्रियकर-प्रेयसी जुळविण्याचे साधन म्हणून त्याचा उपयोग व्हावा अशी त्यांची मूळ कल्पना होती. लोक तेथे भलतेच काही आणून टाकीत आहेत हे दिसताच त्यांनी आपला हट्ट सोडला, आणि पुढच्याच वर्षी गूगलने १६५ कोटी डॉलर मोजून ती पेढी विकत घेतली. आपल्याला काय वाटते यापेक्षा समोरचा काय करतो आहे हे पाहण्याची ही वृत्ती नवख्याने अवश्य घ्यावी.

तुलसीतील चित्रीकरणाचे जे वर्णन बीबीसीच्या त्या वृत्तांतात आहे, ते मला आकड्यांपेक्षा अधिक बोलके वाटते. चारचौघी बायका पदर सावरून उभ्या आहेत. एका वृद्धेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसविले आहे. एकीने तिच्या पाया पडावयाचे, दुसरीने पाणी आणून द्यावयाचे, आणि गावचा सण म्हणून हा प्रसंग मोबाइलवरच्या प्रेक्षकांपुढे यावयाचा. यात भाड्याचे काही नाही, शिकून आणलेले काही नाही. ‘नाचा’ हे रात्र रात्र रंगणारे लोकनाट्य ज्या प्रदेशाच्या हाडीमाशी खिळले आहे, ज्याच्या कलावंतांना घेऊन रायपूरच्या हबीब तनवीरांनी ‘चरणदास चोर’ देशोदेशी नेले, त्या प्रदेशातील बाईला ‘आता तू सासू हो’ असे म्हटले तर ती लाजेल, हसेल, पण अडणार नाही. उलट चित्रपटाचा दरवाजा या मंडळींना फारसा उघडा नव्हता. छत्तीसगढीतील पहिला चित्रपट ‘कहि देबे संदेस’ १९६५ साली निघाला, आणि त्या बोलीच्या चित्रपटधंद्याला खऱ्या अर्थाने जीव आला तो राज्य स्थापन झाले त्या २००० सालच्या ‘मोर छंइहा भुंइया’पासून. अभिनयाची एवढी हौस आणि ती दाखवावयास एवढी थोडी जागा, अशी विषमता जेथे असते तेथे नवे माध्यम चटकन रुजते. मोबाइलने गावाला कला दिली, असे जे कौतुकाने म्हटले जाते ते मला उफराटे वाटते. कला होतीच, फक्त तिकीटघर नव्हते.

या प्रदेशाने नव्या माध्यमाच्या आगमनाचा असा प्रसंग पूर्वीही पाहिला आहे, आणि त्यात मराठी माणसांचा हात होता हे आपल्या वाचकांना सहसा ठाऊक नसते. १९०० च्या जानेवारीत पेंड्रा या आडगावाहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. माधवराव सप्रे व रामराव चिंचोळकर हे त्याचे संपादक, आणि वामन बळीराम लाखे प्रकाशक. सप्रे पेंड्र्याच्या राजकुमारांना शिकवीत. पेंड्र्याला छापखाना नव्हता, म्हणून मजकूर बाहेरगावी पाठवून छापून घ्यावा लागे. नियतकालिक हे माध्यम या मुलखाला त्या वेळी यूट्यूबइतकेच नवखे होते. सप्र्यांनी नुसता स्वतःचा मजकूर छापला नाही. दुसऱ्यांच्या नव्या पुस्तकांची परखड व सविस्तर परीक्षणे त्यांनी इतक्या आस्थेने लिहिली की, हिंदीतील ग्रंथसमीक्षेचा इतिहास लिहिणाऱ्याला पेंड्र्याला वळसा घालता येत नाही. १९०१ साली त्याच मासिकात आलेली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा हिंदीतील पहिल्या कथांमध्ये गणली जाते. मासिक मात्र वर्गणीदारांच्या तुटवड्याने तीन वर्षांतच, १९०२ च्या अखेरीस, बंद पडले. पुढे ‘हिंदी केसरी’ काढणारे आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे सप्रे या तीन वर्षांच्या तोट्यातून तयार झाले, असे म्हणण्यास हरकत नसावी.

तोट्याचा विषय निघालाच आहे, तेव्हा पैशाचे स्पष्ट बोलावे. लांब व्हिडिओंवरील जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा हवा असेल तर यूट्यूबला किमान १,००० सबस्क्राइबर आणि मागील बारा महिन्यांत ४,००० तास पाहिले गेल्याचा दाखला लागतो. अथवा छोट्या व्हिडिओंच्या बाबतीत ९० दिवसांत एक कोटी वेळा पाहिले जाणे आवश्यक असते. सनद मिळाली म्हणजे लांब व्हिडिओच्या जाहिरात-उत्पन्नातील ५५ टक्के चॅनेलवाल्याचे, आणि छोट्यांच्या बाबतीत त्याच्या वाट्याचे ४५ टक्के. जय वर्मांनी वार्ताहरांना सांगितल्याप्रमाणे शिकवणीत त्यांना महिना १२ ते १५ हजार मिळत, ते व्हिडिओंमुळे ३० ते ३५ हजारांवर गेले. रक्कम मानाची आहे, थक्क करणारी नाही. आणि ती गावातील सर्वांत आधी आलेल्या व सर्वांत चिवट निघालेल्या माणसाची आहे. सिलतऱ्याच्या कामगाराने एवढ्या भरवशावर नोकरीचा राजीनामा देऊ नये. पण हिशेबात आणखीही रकमा धरावयाच्या असतात. तुलसीतील एका शेतकऱ्याची मुलगी आपल्या छोट्या व्हिडिओंमुळे एका छत्तीसगढी चित्रपटदिग्दर्शकाच्या नजरेस पडली आणि पडद्यावर आली. जिल्हा प्रशासनाने २०२३ साली गावात ‘हमर फ्लिक्स’ नावाचा सुसज्ज स्टुडिओ उभा करून दिला. ज्या सुनांना दाराबाहेर बोलण्याची चोरी होती, त्या आता कॅमेऱ्यापुढे सासवांना चार शब्द सुनावतात, आणि सासवा त्याचा दुसरा ‘टेक’ मागतात, असे ऐकावयास मिळाले तर मला आश्चर्य वाटणार नाही.

मग बाकावरच्या त्या तरुणाने करावे काय? माझे मत असे की, त्याने प्रथम महिनाभर काही टाकूच नये. आपल्याच कामाची, आपल्याच बोलीची माणसे काय दाखवितात आणि त्यांखाली लोक काय विचारतात हे पाहावे, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला येते ते नीट द्यावे. प्रश्नांना उत्तरे देणारा माणूस कोण, हे लोक आपण होऊन पाहावयास येतात. विषयाचा दुष्काळ त्याला नाही. फिरत्या भट्टीत लोहखनिज आणि कोळसा एकत्र तापवून स्पंज आयर्न कसे होते, नव्या भरतीला सुरक्षेचे कोणते नियम पाळावे लागतात, कंत्राटी कामगाराने भविष्यनिर्वाह निधीची शिल्लक मोबाइलवर कशी पाहावी, हे एका फिटरने दुसऱ्याला समजेल अशा भाषेत सांगणारे जितके असतील तितके थोडेच. भट्टीचे धगधगते दृश्य मात्र परवानगीवाचून टिपू नये. कारखान्यांत अनेक ठिकाणी मोबाइल नेण्यासच मनाई असते, आणि पाच हजार प्रेक्षकांच्या मोबदल्यात कामावरून काढल्याचा हुकूम घेणे हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे. कागदावर चित्र काढून सांगितले तरी चालते. किंबहुना अधिक समजते.

त्यातही शक्य तर एकट्याने करू नये. तुलसीत एकजण लिहितो, दुसरा कॅमेरा धरतो, तिसरा संकलन करतो, आणि शेजारीण खुर्चीसकट हजर होते. एकट्याने खोलीत बसून काढलेले चॅनेल पहिल्या आजारपणात बंद पडते. अर्थात मंडळी जमली की वाटणीचा प्रश्नही जमतो. चॅनेल कोणाच्या नावे, पैसे कोणाच्या खात्यात, कोणी सोडून गेले तर जुन्या व्हिडिओंचे उत्पन्न कोणाचे, हे मैत्री ताजी असतानाच एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात.

चॅनेलच्या किल्ल्याही जपाव्या लागतात. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील सारोळा कासारच्या सुमन धामणे यांनी सत्तरीच्या घरात असताना, २०२० साली, नातवाच्या साहाय्याने ‘आपली आजी’ हे चॅनेल काढले. लाखो प्रेक्षक मिळाले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कोणा चोरट्याने चॅनेलच पळविले. ते परत मिळाले खरे, पण तोवर आजींच्या घरच्यांचा जीव टांगणीला लागला असेल. म्हणून दोन टप्प्यांची पडताळणी पहिल्याच दिवशी चालू करावी, आणि ‘आमच्या मालाची जाहिरात करा, सोबतची फाइल उघडा’ असे लिहिणाऱ्या अनोळखी ईमेलला भुलू नये.

राहिला पत्ता. कमाई दहा डॉलरच्या आसपास पोचली की गूगलकडून पत्त्याच्या खात्रीसाठी एक गुप्त आकडा येतो, आणि तो मोबाइलवर न येता चक्क टपालाने, लिफाफ्यातून येतो. सिलतऱ्याच्या भाड्याच्या खोल्यांतून भाडेकरू सारखे बदलत असतात, आणि पोस्टमनला नाव सापडले नाही तर लिफाफा परत जातो. म्हणून अर्जात खोलीचा पत्ता न लिहिता, जेथे टपाल हमखास पोचते आणि घरचे कोणी ते जपून ठेवील असा गावाकडचा पत्ता लिहावा.