पोपटाचा डोळा, रोज साठ वेळा

"अण्णा, मला कंटाळा आलाय. ती रायफल विकून टाका."

लेकीने हे सांगितलं तेव्हा मी पडवीत छर्र्यांच्या डब्या मोजत होतो. आमचं गाव नरसिंहपूर, म्हणजे पुणे जिल्ह्याचं अगदी शेवटचं टोक. इथे नीरा भीमेला मिळते आणि पलीकडच्या काठावर सोलापूर जिल्हा लागतो. बालेवाडीच्या क्रीडानगरीतली शूटिंग रेंज आमच्यासाठी दिवसभराच्या प्रवासाची. म्हणून पोती हलवून पडवीतच दहा मीटर मोकळे केले, एका टोकाला जुन्या गोधड्या कोंबलेली लोखंडी पेटी ठेवली आणि तिच्यासमोर कागदी लक्ष्य टांगलं. रायफल आली ती एका हंगामाच्या उसाच्या बिलातून. आणि आता ही म्हणते, विकून टाका!

मला राग आला हे कबूल करतो. लहानपणापासून ऐकलेली अर्जुनाची गोष्ट मी तिला पुन्हा ऐकवली. झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, दिसतो फक्त पोपटाचा डोळा. तिने शांतपणे विचारलं, "अण्णा, द्रोणाचार्यांनी अर्जुनाला रोज साठ वेळा तोच डोळा फोडायला लावलं होतं का?"

वाचकहो, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

साठ हा आकडा तिने उगाच घेतला नव्हता. दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत प्राथमिक फेरीला साठ नेम असतात आणि त्यांना सव्वा तास मिळतो. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. लक्ष्याच्या मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. खेळाडूने उभं राहायचं, श्वास आवरायचा, घोडा हलकेच दाबायचा. पुन्हा तेच. बघणाऱ्याला यात काहीच घडताना दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी स्वतःच रायफल उचलली. सातव्या छर्र्याला खांदा बोलू लागला. विसाव्याला मन ऊसतोडीच्या टोळीकडे गेलं. तिसाव्याला मी घड्याळ पाहिलं. चाळिसावा छर्रा कागदावर कुठे लागला, ते मी नीट पाहिलंही नाही. रात्री जेवताना ही फजिती सांगितली तेव्हा ती हसली आणि मग म्हणाली, "मला नेम धरायचा कंटाळा नाही आला. तुम्ही रोज एकच विचारता, आज किती आले? त्याचा आलाय."

घास हातातच राहिला. तिच्या आईने माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने आमटी वाढली.

त्या रात्री ठरलं. रायफल आणखी सहा महिने ठेवायची. त्यानंतरही नको वाटली तर मी एक शब्द बोलणार नाही. आणि 'किती आले' हा प्रश्न घरात बंद.

मग तिनेच एकेक खेळ काढले. एक दिवस लक्ष्याचा कागद उलटा टांगायचा. कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठिपकाच नाही, तर गुण कुठले? पाच छर्रे मारायचे आणि पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली जातात का ते पाहायचं. नेम चुकतो तो डोळ्याने की शरीराच्या ठेवणीने, हे त्या कोऱ्या कागदावर चटकन कळतं. एक दिवस छर्राच घालायचा नाही. नळीवर नाणं ठेवून घोडा दाबायचा, नाणं पडता कामा नये. ते काम आजीने हौसेने पत्करलं. बंदूक रिकामी आहे ना, हे तीनदा तपासल्यावरच ती जवळ येई आणि नाणं पडलं की "गेला रुपया!" म्हणून ओरडे. कधी नेम मारल्यावर कागदाकडे न बघता आधी सांगायचं, "डावीकडे, जरा खाली," आणि मग खरं-खोटं करायचं. रोज सकाळी चहाच्या आधी मात्र एकच छर्रा. त्या कागदावर तारीख घालून तो जपून ठेवायचा. दिवसाला एकच म्हटल्यावर त्या एकाला किंमत आली.

वैशाखात नृसिंह जयंतीची यात्रा भरली. फुगे फोडायच्या गाड्यावर गावातल्या पोरांनी तिला ओढत नेलं. पहिले चार छर्रे वाया गेले. पोरं खिदळू लागली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाचव्या वेळी ती थांबली. बंदूक उजवीकडे मारते हे तिने ताडलं होतं. मग फुग्याच्या डाव्या बाजूला चार बोटं नेम धरला आणि लागोपाठ तीन फुगे फोडले. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर तो आनंद दिसला.

तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "आता चिंचेवरचा होला पाड!" ती एवढंच म्हणाली, "तो कागदाचा नाही." १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच, पण तो माझ्या आठवणीत येण्याआधी तिचं उत्तर देऊन झालं होतं. कंटाळा घालवायला म्हणून पाखरू, दगड किंवा पत्रा यांवर नेम धरू नये, हे प्रत्येक घराने मुलांना सांगायला हवं. कठीण वस्तूवरून छर्रा उलटून येतो आणि डोळा एकदा गेला की परत मिळत नाही.

मोठ्या खेळाडूंनाही असे उपाय करावे लागतात. २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक मिळवणाऱ्या अभिनव बिंद्राने भव्य सभागृहाची सवय व्हावी म्हणून लग्नाचा हॉल भाड्याने घेऊन सराव केला होता. हे वाचून आम्हीही आषाढात, मुहूर्त नसताना, ओळखीच्या मंगल कार्यालयात विजेच्या बिलापुरते पैसे देऊन दोन दिवस मुक्काम ठोकला. दारं लावून घेतली, बाहेर माणूस उभा केला. आत मी ढोलकी बडवत होतो, आजी थाळी वाजवत होती आणि ही नेम धरत होती. त्या गोंगाटात किती आले, ते मी विचारलं नाही.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीला उतरला तेव्हा आम्ही सगळे दूरदर्शन संचासमोर बसलो होतो. गुडघ्यावर बसून आणि पालथं झोपून मारायचे नेम संपले तरी तो पदकाच्या बाहेरच होता. उभ्याने मारायच्या नेमांत तो वर सरकला आणि ४५१.४ गुणांवर कांस्य घेऊन आला. लोकांना तो एक दिवस दिसला. त्याच्या मागे ज्या संध्याकाळी काहीच घडलं नसेल, त्या कोणी मोजायच्या?

परवा सहा महिने पूर्ण झाले. संगमावर फिरायला गेलो असताना मीच विषय काढला. "रायफलीला गिऱ्हाईक बघू का?"

ती बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "इतक्यात नको. कालचा सकाळचा छर्रा मी न बघता बरोबर सांगितला. आणखी थोडे दिवस बघते."

किती आले, हे ओठावर आलेलं मी गिळून टाकलं. आम्ही घराकडे वळलो.