‘तुह्या मायलेबी असंच दुखे’

पाळीत पोरगी पोट धरून लोळू लागली की घाटंजीच्या घराघरांत मोठी बाई समजूत घालते, “तुह्या मायलेबी असंच दुखे. लगन झालं का जाते.” यातलं पहिलं वाक्य डॉक्टरच्या फार कामाचं आहे आणि दुसरं साफ चुकीचं.

असं दुखणं एंडोमेट्रिओसिसचं असू शकतं. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी पिशवीच्या बाहेर, बीजकोशांवर, ओटीपोटात, कधी आतड्यावरही वाढतात. तिथे सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात. बीजकोशात जुनं रक्त साचून घट्ट, तपकिरी होतं, त्याला चॉकलेट सिस्ट म्हणतात. पाळीच्या वयातल्या साधारण दहांपैकी एका बाईला हा आजार असतो. आई किंवा सख्ख्या बहिणीला असेल तर शक्यता बरीच वाढते. मायलेही दुखायचं, हे सोसायचं नव्हे, लवकर दाखवायचं कारण आहे.

मग घराण्यात आहे म्हणजे होणारच? नाही. स्वीडनमधल्या जुळ्या बहिणींच्या 2015 सालच्या अभ्यासात जनुकांचा वाटा सुमारे निम्मा निघाला. शिवाय दोषी असं एकच जनुक नाही. 2023 मध्ये साठ हजारांहून जास्त रुग्ण स्त्रियांच्या अभ्यासात जनुकसंचातल्या 42 जागा सापडल्या आणि प्रत्येकीचा परिणाम लहानसाच होता. त्यांतल्या काहींचं नातं अर्धशिशी आणि पाठदुखीशीही आहे. “नाटकं करते” म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. या अभ्यासातल्या बहुतेक स्त्रिया युरोपीय वंशाच्या, काही जपानी होत्या. आपल्याकडच्या बायकांची माहिती गोळा करण्याचं काम मुंबईची राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्था करत आहे. तूर्त जनुकं तपासून या आजाराचं निदान होत नाही, त्यावर पैसे घालवू नयेत. आणि हो, ही प्रवृत्ती बापाकडूनही येते, म्हणून आत्यालाही विचारा.

मूल राहत नाही की बोट सुनेच्या माहेरकडे जातं. हा अन्याय आहे. एंडोमेट्रिओसिस असलेल्या अनेकींना आपसूक दिवस जातात. मूल न होण्याची थेट जनुकीय कारणं वेगळी असतात. टर्नर सिंड्रोममध्ये एक एक्स गुणसूत्र पूर्ण किंवा अर्धवट नसतं, साधारण अडीच हजार मुलींमागे एकीला. तिची पाळी बहुधा सुरूच होत नाही. काहींची पाळी चाळिशीच्या आतच जाते, तिथेही जनुकीय कारण असू शकतं. अशा वेळी गुणसूत्रांची तपासणी करायलाच हवी. पण आपल्याकडे गर्भनलिकांचा क्षयरोगही मूल न होण्याचं मोठं कारण आहे आणि तो काही वारशाने येत नाही. नवऱ्याची वीर्यतपासणी तर सगळ्यांत सोपी आणि स्वस्त. ती सुरुवातीलाच व्हावी.

पिशवी काढली की सुटका, हाही गैरसमजच. वाढ पिशवीच्या बाहेर असते, ती मागे राहिली तर दुखणंही राहू शकतं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुखण्याचे दिवस खुणेने मांडावेत, कापूस वेचायला जाता आलं नाही तो दिवसही. ते कॅलेंडर आणि घरातल्या बायकांची माहिती घेऊन आधी ग्रामीण रुग्णालयात, गरज पडली तर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जावं. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी दुखणं खोटं ठरत नाही. बारीक गाठी तिच्यात बहुतेक वेळा दिसत नाहीत, म्हणून पुढे काय तपासायचं ते डॉक्टरांना विचारूनच उठावं.