न धरलेल्या रोज्याची गोष्ट

पलूसमधल्या आमच्या घरात गेली बावन्न वर्षं रमजानची पहाट एकाच आवाजानं उजाडत आली. अम्मी उठायची, चूल किंवा गॅस पेटवायची आणि साडेचारच्या सुमारास अब्बांना हाक मारायची, "अजी, उठा, वेळ कमी राहिलाय." अब्बा दोन हाकांत कधीच उठले नाहीत. तिसरी हाक आली की उठायचे, चूळ भरून दस्तरखानवर बसायचे आणि समोर ताट तयार असायचं.

यंदा मात्र चित्र उलटं आहे. गजर अब्बा लावतात. चार वाजता तेच उठतात, रात्रीची भाजी गरम करतात, आल्याचा चहा टाकतात आणि मग अम्मीला हाक मारतात. अम्मी जेवते. अब्बा शेजारी बसून पंख्याखाली पेपर चाळतात, मधूनच घड्याळाकडे बघून "अजून दहा मिनिटं आहेत, पाणी पी" असं सांगतात. अम्मीचा रोजा आहे. अब्बांचा नाही.

हे सांगायला सोपं वाटतं. पण त्या 'नाही'पर्यंत पोचायला आमच्या घराला फार त्रास झाला. रमजानच्या निमित्तानं आज तेच सांगायचं आहे. कारण घरात सत्तरी ओलांडलेली जोडी असेल, तर हा प्रश्न कधी ना कधी प्रत्येक घरात येतो. धर्म कोणताही असो.

अब्बा सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी पहिला रोजा धरला तो १९६० साली, अकराव्या वर्षी. महाराष्ट्र राज्य अजून स्थापन व्हायचं होतं. फेब्रुवारी-मार्चचे दिवस, गुऱ्हाळं जोरात चालू. गल्लीतल्या पोरांबरोबर ते गुऱ्हाळावर जाऊन बसले. सगळ्यांनी काकवी खाल्ली आणि यांनी नुसता वास घेतला. संध्याकाळी घरी हार घालून रोजाकुशाई झाली. हा किस्सा आम्ही भावंडांनी किमान पन्नास वेळा ऐकला आहे.

इस्लामी वर्ष चंद्रावर चालतं. ते सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं. म्हणून रमजान दरवर्षी तितके दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांनी सगळे ऋतू फिरून पुन्हा त्याच जागी येतो. १९६०चा तो फेब्रुवारी-मार्चचा रमजान १९९३ साली परत आला, आणि आता २०२६ साली तिसऱ्यांदा आला आहे. अब्बांच्या मनात हा हिशोब पक्का होता. "तीच थंडी, तेच दिवस. पहिला रोजा याच हंगामात धरला होता. हे वर्ष मी चुकवणार नाही," असं ते गेल्या दिवाळीपासून म्हणत होते.

१९९३ साली अब्बा किर्लोस्करवाडीला कारखान्यात होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली बेळगावहून आपला कारखाना औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या उजाड माळावर आणला आणि त्या माळाची वाडी झाली. त्या वाडीनं आमच्यासारख्या कितीतरी घरांच्या दोन-दोन पिढ्या जगवल्या. अब्बा लेथवर. दुसरी पाळी असली की इफ्तारची वेळ कामावरच यायची. तेव्हा शेजारच्या मशिनवरचे काका दहा मिनिटं दोन्ही मशिनींवर लक्ष ठेवायचे आणि अब्बा खजूर खाऊन, पाणी पिऊन, नमाज पढून यायचे. आषाढी एकादशीला काकांना सुट्टी हवी असली, की त्यांची पाळी अब्बा घ्यायचे. कुणी कुणाचे आभार मानल्याचं मला आठवत नाही. ते काका निवृत्त झाल्यावर आमच्याच गल्लीत घर बांधून राहिले. दोन्ही घरांची परसदारं समोरासमोर आहेत. या गोष्टीत त्यांच्या शेळीचा मोठा वाटा आहे, तो पुढे येईलच.

अब्बांना मधुमेह होऊन पंधरा वर्षं झाली. आधी गोळ्या होत्या, तीन वर्षांपासून इन्सुलिन आहे. डॉक्टर सांगलीला. पंच्याहत्तरी ओलांडल्यामुळं अब्बांना एसटी फुकट आणि अम्मीला अर्धं तिकीट, त्यामुळं दोघांत मिळून अर्ध्या तिकिटात ते सांगलीला जाऊन येतात. या गोष्टीचा अब्बांना फार आनंद आहे. पण या जानेवारीतल्या फेरीत डॉक्टरांनी आनंद घालवला. म्हणाले, "चाचा, यंदा रोजे नाहीत. गेल्या वर्षी दोनदा साखर उतरली होती. आता वय आणि किडनी, दोन्ही बघायला हवं."

अब्बा परत येताना एसटीत एक शब्द बोलले नाहीत.

रमजान सुरू झाला. अम्मीला रक्तदाबाची एक गोळी आहे, ती सहरीला घेतली की भागतं. तिला डॉक्टरांनी परवानगी दिली होती. पहिल्या दिवशी दुपारी एक वाजता तिनं अब्बांचं ताट वाढलं. दोन भाकरी, भाजी, वरण. अब्बा म्हणाले, "तू उपाशी आणि मी तुझ्यासमोर जेवू? ताट आतल्या खोलीत ठेव." अम्मीनं ठेवलं. अर्ध्या तासानं रिकामं ताट बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

चौथ्या दिवशी काकांच्या घरच्या काकू परसदारातून म्हणाल्या, "भाभी, तुमच्या भाकरीनं आमच्या शेळीची सवय बिघडवली हो. एक वाजला की दावं तोडायला बघते."

अम्मीनं शेळीकडं बघितलं. मग आतल्या खोलीच्या खिडकीकडं बघितलं. ती काही बोलली नाही.

त्याच दिवशी असरच्या नमाजनंतर अब्बांना दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले. बोलताना शब्द अडकले. अम्मीनं साखर घातलेलं पाणी आणलं. अब्बांनी तोंड फिरवलं. "रोजा आहे. तासाभराचा प्रश्न आहे."

आमच्या घरात दखनी बोलतात, पण भांडण नेहमी मराठीत होतं. ही अब्बांची कारखान्यातली सवय. अम्मीनं त्या दिवशी मराठीतच सांगितलं, "तुम्ही हे पाणी प्याला नाहीत, तर मीही संध्याकाळी रोजा सोडणार नाही. उद्याही नाही. मग दोघं मिळून बघू कोण आधी जातंय."

अब्बांनी पाणी प्यायलं. रडले. मी त्यांना रडताना दोनदाच पाहिलंय असं मला वाटत होतं. ही तिसरी वेळ मला अम्मीनं फोनवर सांगितली, तीही आठवड्यानं. दिलेलं घर तासगावला असल्यानं मी तासाभरात पोचू शकले असते. भाऊ पुण्याला आहे. पण तिनं कुणालाच लगेच कळवलं नाही. "त्यांची लाज मी राखायची नाही, तर कुणी?" असं तिचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी तिनं मशिदीच्या इमामसाहेबांना घरी चहाला, म्हणजे इफ्तारनंतरच्या चहाला बोलावलं. कुणाच्याही नावानं तक्रार केली नाही. एवढंच विचारलं, "आजारी माणसाचा रोजा कसा असतो, जरा समजावून सांगा. आम्ही विसरलो असू."

इमामसाहेबांनी शांतपणे सांगितलं. कुरआनात सूरह बकराच्या १८३व्या आयतीपासून रोज्याचा विषय येतो. रोजा फर्ज असल्याचं सांगून होतं न होतं, तोच पुढच्या आयतीत आजारी आणि प्रवासी यांना सवलत दिली आहे. हुकूम आणि सवलत इतक्या जवळजवळ आहेत. आजार बरा होणारा असेल तर सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे. म्हातारपण किंवा कायमचा आजार असेल, पुन्हा ताकद येण्याची आशा नसेल, तर प्रत्येक रोज्यामागं एका गरजूला दोन वेळचं जेवण द्यायचं, किंवा फितऱ्याइतकं, म्हणजे दोन किलोच्या आतबाहेर गहू किंवा त्याची किंमत. याला फिदया म्हणतात. मग ते अब्बांकडं वळून म्हणाले की हुकूम पाळलेला अल्लाहला जसा आवडतो, तशी त्यानं दिलेली सवलत घेतलेलीही आवडते, अशा अर्थाची हदीस आहे. "चाचा, देणाऱ्यानं सूट दिली आणि घेणारा नको म्हणाला, तर त्यात कुणाचा मान राहिला?"

अब्बा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं ते फार साधं होतं. "मग मी या महिन्यात करू काय?"

मला वाटतं, खरा प्रश्न तोच होता. साखर, इन्सुलिन, घाम हे सगळं नंतरचं. सहासष्ट वर्षं जो माणूस या महिन्यात सगळ्यांबरोबर उठला, सगळ्यांबरोबर उपाशी राहिला, सगळ्यांबरोबर खजूर उचलला, त्याला एकदम पंगतीतून उठवल्यासारखं वाटलं होतं. दुपारी एक वाजता आतल्या खोलीत एकट्यानं जेवायचं, ही त्यांना शिक्षा वाटत होती. म्हणून ते ताट शेळीकडं जात होतं.

तोड अम्मीनं काढली. "दोन कामं आहेत. जमतील का बघा," ती म्हणाली. पहिलं काम सहरीचं. "बावन्न वर्षं मी उठवलं. आता एक महिना तुम्ही उठवा." दुसरं काम फिदयाचं. गल्लीच्या टोकाला एक विधवा खाला राहतात. २०१९च्या महापुरात कृष्णाकाठचं त्यांचं घर गेलं, तेव्हापासून त्या इथं भाड्याच्या खोलीत एकट्या आहेत. पैसे एकदम देऊन टाकण्यापेक्षा रोज दोन वेळचा डबा द्यायचा, आणि तो अब्बांनी नेऊन पोचवायचा.

पहिल्या दिवशीचा सहरीचा चहा अम्मीला पिववला नाही. पंधरा वर्षं बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या माणसाचा साखरेचा अंदाजच गेला होता. भाजी करपली. तिसऱ्या दिवसापासून बरं जमायला लागलं. अम्मी सांगते, चव कशीही असो, कुणीतरी आपल्यासाठी आपल्या आधी उठलं, हे तिला सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा अनुभवायला मिळालं. पैगंबरसाहेब घरात असत तेव्हा घरकामात हातभार लावत, स्वतःचे कपडे शिवत, चपला दुरुस्त करत, असं हजरत आयेशा यांनी सांगितल्याचं आपण दरवर्षी बयानात ऐकतो. ऐकतो आणि ताटावर बसतो. आमच्या घरात ते अंमलात यायला मधुमेह व्हावा लागला.

दुपारच्या जेवणाचंही ठरलं. आता ताट आतल्या खोलीत जात नाही. सोप्यात बसून अब्बा जेवतात आणि अम्मी समोर तसबीह घेऊन बसते. तिला त्रास होत नाही का, असं मी विचारलं. म्हणाली, "लेकरं लहान असताना रोज्यात तुम्हाला भरवलंच की. तेव्हा कुठं त्रास झाला?"

शेजारच्या काकांनाही मधुमेह आहे. त्यांनी दोन वर्षांपूर्वी एकादशी सोडली. तेव्हा त्यांच्याकडंही असंच रुसणं-फुगणं झालं होतं. उपवास म्हणून साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा खायचे, आणि साखर उपाशीपोटी राहण्यानं नव्हे, त्या फराळानंच वर जायची. शेवटी काकूंनी त्यांना हरिपाठाला बसवलं आणि भाकरी खायला लावली. त्यामुळं आता संध्याकाळी परसदारी दोन्ही म्हाताऱ्या एकमेकींना आकडे सांगतात. "यांची सकाळची एकशे चाळीस." "आमची दीडशे." काका म्हणतात, "तुमचा रोजा आणि आमची एकादशी, दोन्हींचा डॉक्टर एकच."

इथं मधुमेही वाचकांसाठी दोन ओळी, डॉक्टरांनी आम्हाला सांगितलेल्या. रोजा धरायचा की नाही, हे रमजान सुरू होण्याआधी महिनाभर डॉक्टरांशी बोलून ठरवावं. गोळ्या किंवा इन्सुलिनच्या वेळा मनानं बदलू नयेत. रोज्यात बोटाला टोचून साखर तपासली तर रोजा तुटत नाही, असं उलेमाही सांगतात. साखर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली, किंवा घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं, तर रोजा लगेच सोडावा, अजानला पाच मिनिटं राहिली असली तरी. आणि इफ्तारला खजूर एखादाच. आपल्याकडं हा द्राक्षांचा हंगाम, ओळखीच्या बागेतून पेटी घरी येते. ती पेटी मधुमेह्यापासून जरा लांब ठेवावी.

इमामसाहेब जाताना आणखी एक गोष्ट सांगून गेले होते. रोज्याच्या नियमांच्या त्याच आयतींमध्ये, १८७व्या आयतीत, पती-पत्नीला एकमेकांच्या पोशाखाची उपमा दिली आहे. पोशाख थंडीवाऱ्यापासून वाचवतो, शोभा देतो आणि झाकायचं ते झाकतो. मला हे ऐकून अम्मीचा तो आठवडाभर न आलेला फोन आठवला. शेळीचं तिनं आम्हाला सांगितलं तेही अब्बांनी परवानगी दिल्यावर.

हा लेख लिहू का, असं मी अब्बांना विचारलं. म्हणाले, "लिही. कुणाच्या तरी घरात उपयोग होईल. फक्त शेळीचं लिहू नकोस." माफ करा अब्बा, त्याशिवाय गोष्ट पुरी होत नव्हती.

काल संध्याकाळी मी पलूसला गेले होते. अब्बा डबा पोचवून आले, हातपाय धुतले आणि दस्तरखानवर अम्मीशेजारी बसले. त्यांच्यासमोरही एक खजूर आणि पाण्याचा पेला होता. अजान झाली. अम्मीनं खजूर तोंडात टाकला, मग अब्बांनी. अम्मीनं विचारलं, "खाला घरी होत्या?" अब्बा म्हणाले, "होत्या. भाजीत मीठ कमी होतं म्हणाल्या." अम्मी म्हणाली, "उद्या जास्त घालते."

तुमच्या घरात अशी जोडी असेल, तर आज जरा त्यांच्याजवळ बसा. गोळी घेतली का, एवढंच विचारून उठू नका. जेवण कुठं जाऊन जेवतात, तेही बघा. अल्लाह सगळ्यांच्या घरातल्या ज्येष्ठांना सेहत देवो. आमीन.